जमिनीवरून उठणारं घुबड

राहुरी म्हटलं की आपल्याला कृषी विद्यापीठ आठवतं, ऊस आठवतो. पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांत रमणाऱ्या माणसाला मात्र राहुरी आठवते ती एका इवल्याशा घुबडामुळे. अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड हेन्री जेम्स ब्रूस नगर भागात असताना राहुरीहून मिळालेल्या एका नमुन्यावरून अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी एका नव्या घुबडाचं वर्णन केलं आणि त्याला ब्रूस यांचं नाव दिलं: ओटस ब्रूसी. हे ह्यूम म्हणजे पुढे 1885 साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्यांचं 'स्ट्रे फेदर्स' हे पक्ष्यांना वाहिलेलं नियतकालिक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं आणि त्याच्या पहिल्याच खंडात हे घुबड आलं.

गंमत अशी की या घुबडाचं घर राहुरी नव्हेच. ते वीण घालतं इराणपासून उझबेकिस्तान-तुर्कमेनिस्तानपर्यंतच्या कोरड्या मुलखात. थंडी पडली की त्यातले काही पक्षी दक्षिणेकडे सरकतात, पश्चिम भारतात उतरतात आणि क्वचित आपल्याकडेही येतात. म्हणजे मध्य आशियातल्या एका पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख झाली ती नगर जिल्ह्यातल्या हिवाळी मुक्कामात.

इतका जवळचा इतिहास असलेलं घुबड मुलांना दाखवावं असं कुणालाही वाटेल. माझा सल्ला आहे, त्याच्या मागे लागू नका. हे घुबड साधारण वीतभर उंचीचं, राखाडी, अंगावर बारीक काळ्या रेघा. दिवसभर बाभळीच्या खोडाला चिकटून, डोळे मिटून बसतं. त्याचे जवळचे भाऊबंद असलेले आपले कायमचे रहिवासी शिंगळे त्याच्यासारखेच दिसतात, आणि कोण कुठला हे सांगताना जाणत्या पक्षीनिरीक्षकांचीही वादावादी होते. कच्छच्या छोट्या रणात वाटाडे ते दाखवतात, कारण तिथली ठरावीक झाडं त्यांना पाठ असतात. पण दहा वर्षांच्या मुलाला खोडाचा एक तुकडा दाखवून 'हे बघ दुर्मीळ घुबड' म्हणायचं, तर पोरगं पुढच्या रविवारी क्रिकेटला जाईल, आणि त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

घरच्यांना घेऊन जायचं तर हिवाळ्यात आणखी एक घुबड येतं. आकाराने मोठं, उजेडात उडणारं, उघड्यावर दिसणारं, आणि ओळखायलाही फार अवघड नाही. आखूड कानांचं घुबड, शास्त्रीय नाव अ‍ॅसिओ फ्लॅमियस. ते झाडावर शोधायचं नसतं, एवढी एकच गोष्ट नव्याने शिकावी लागते.

घुबड म्हणजे वडाची ढोली, पडका वाडा, विहिरीची कपार, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पिंगळा, गव्हाणी घुबड आणि शृंगी घुबड ही आपल्या ओळखीची मंडळी तशाच जागी राहतात, त्यामुळे त्यात चूकही नाही. आखूडकानी घुबड मात्र गवताचं. ते उघड्या माळावर, गवताच्या बुंध्यापाशी जमिनीवर बसून दिवस काढतं. उत्तरेकडे वीण घालतं तेव्हा घरटंही जमिनीवरच करतं. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका सोडलं तर जगातल्या प्रत्येक खंडात ते आहे. हवाई बेटांवरही आहे आणि गालापागोसवरही. समुद्र ओलांडायचं त्याला भय नाही. भर समुद्रात जहाजांवर उतरलेली आखूडकानी घुबडं खलाशांनी पाहिलेली आहेत. भारतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला येतं आणि मार्चपर्यंत परत फिरतं.

मग जगभर असलेला पक्षी दुर्मीळ कसा? एक तर ते आपल्याकडे येतं ते थोड्या संख्येनं, आणि दरवर्षी त्याच माळावर येईलच असं नाही. त्याचं सगळं गणित उंदरांवर चालतं. ज्या साली ज्या भागात उंदीर माजतात तिथे ही घुबडं गोळा होतात. पुढच्या साली तिथे काही मिळेनासं झालं की दुसरीकडे जातात. गेल्या वर्षी ज्या माळावर चार-पाच एकत्र दिसली त्याच माळावर यंदा एकही नसेल. दुसरं कारण जरा कडू आहे. ते जिथे उतरतं ते गवताळ माळ आपल्या सरकारी दप्तरांत कित्येक वर्षं 'पडीक' या सदरात मोडत आले आहेत. पडीक म्हटलं की कुणाला तरी तिथे चर खणून झाडं लावावीशी वाटतात. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावली की फोटो हिरवा येतो. माळावरचा पक्षी मात्र तिथून उठतो. झाडं लावणं वाईट असं शाळेत कुणी शिकवत नाही, त्यामुळे मुलांना हे समजावताना मला दरवेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. पण माळावर नेऊन दाखवलं की त्यांना ते लवकर कळतं, मोठ्यांना वेळ लागतो.

पुणे जिल्ह्यात बारामती-इंदापूर पट्ट्यातले माळ, सोलापूरजवळचं नान्नज, ही या घुबडासाठी आणि एकूणच माळावरच्या पक्ष्यांसाठी बघण्यासारखी ठिकाणं. शिरसुफळ आणि कडबनवाडी इथे वनखात्याने 2024 पासून गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. नोंदणी करून, वाटाड्या घेऊन जाता येतं. लोक तिथे लांडगा आणि चिंकारा बघायला जातात, ते दिसले तर उत्तमच. सकाळची फेरी घ्यायची की संध्याकाळची असं कुणी विचारलं तर घुबडासाठी मी संध्याकाळ सांगेन. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. पाच वाजता माळावर पोचलेलं बरं. सकाळी मुलांना साडेचारला उठवून दोन तास गाडीत बसवायचं म्हणजे निम्मी मजा गाडीतच संपते. शिवाय थंडीत आजी-आजोबांचे गुडघे कुरकुरतात ते वेगळंच.

दुर्बिणीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण संध्याकाळच्या घुबडासाठी दुकानदार सांगेल ती दुर्बीण चालत नाही. दुर्बिणीवर 8×42 किंवा 10×25 असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. 8×42 ची साधारण 5 मिलिमीटर, तर खिशात मावणाऱ्या 10×25 ची अडीच. भर दुपारी आपली बाहुली आकसलेली असते, त्यामुळे दोन्ही सारख्याच वाटतात. संधिप्रकाशात बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत पसरते आणि मग अडीचवाल्या दुर्बिणीतून माळ काळपट, धुरकट दिसतो. तरुणांची बाहुली जास्त पसरते, वय वाढलं की कमी. म्हणून मोठ्या भिंगाची दुर्बीण मुलांच्या गळ्यात घालावी आणि छोटी आपण घ्यावी. मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी असतं, तेव्हा दुर्बिणीच्या दोन नळ्या तितक्या जवळ येतात का, हे मात्र दुकानातच बघून घ्यायचं.

आता प्रत्यक्ष माळ. पावसाळ्यात हिरवं असलेलं गवत डिसेंबरात सोनेरी-तपकिरी झालेलं असतं. कुसळी, पवन्या, मारवेल. कुसळीतून दहा पावलं चाललात तर मोज्यांत जी कुसळं शिरतात ती घरी येईपर्यंत निघत नाहीत. प्रत्येक कुसळाचं टोक सुईसारखं, मागे पिळदार शेपूट. दमट हवेत ती शेपूट उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा पिळते आणि त्या फिरकीनं बी जमिनीत घुसतं. तुमचा मोजा त्याला जमीनच वाटते. मुलांना हे भिंगातून दाखवायचं, पण गाडीच्या रस्त्याच्या कडेला उभं राहूनच. गवतात शिरायचं नाही, आणि त्याला कारण आहे. आखूडकानी घुबड धोका जवळ आला तरी हलत नाही, अंग जमिनीला चिकटवून राहतं. तुम्ही जवळजवळ पायाखाली आणलंत की मग फडकन उठतं आणि थोड्या अंतरावर पुन्हा गवतात उतरतं. असं दोन-तीनदा उठवलं की त्याची दिवसाची विश्रांती गेली, आणि उन्हात उघड्यावर उडणाऱ्या घुबडाला कावळे नि ससाणे लगेच हेरतात. फोटोसाठी माळ तुडवत घुबड 'काढणारे' लोक मी पाहिले आहेत. त्यांना पक्षीनिरीक्षक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबलात, गाडीचं इंजिन बंद केलंत, की पहिल्यांदा दिसतात ते भोवत्या. लांब पंखांचे हे शिकारी पक्षी जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवरून तरंगत, डावी-उजवीकडे झुलत माळ विंचरत जातात. हेही हिवाळी पाहुणेच, युरोप आणि मध्य आशियातून आलेले. दिवसभर शिकार करून संध्याकाळी ते माळावरच्या एखाद्या ठरलेल्या भागात गोळा होतात आणि जमिनीवरच गवतात झोपतात. त्यांचं उतरणं सुरू झालं की नजर तिथेच ठेवायची. कारण भोवत्यांची दिवसपाळी संपते त्याच वेळेला, त्याच गवतातून, घुबडाची रात्रपाळी सुरू होते. थंडीच्या, ढगाळ दिवशी घुबड याच्याही आधी निघतं आणि मग दोघे एकाच वेळी हवेत असतात. अशा वेळी भोवत्या घुबडाच्या पंज्यातला उंदीर हिसकावतो.

आमच्या मुलीला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, भोवत्या परत उठला." उडण्याची तऱ्हा लांबून पुष्कळशी सारखीच. मग तिच्या आईनं विचारलं, "मान कुठाय त्याची?" आणि तेवढ्यावर निकाल लागला. भोवत्याला मान आणि लहानसं डोकं असतं, शेपूट लांब असते. घुबडाच्या बाबतीत गोल डोकं थेट खांद्यांवर ठेवल्यासारखं, शेपूट आखूड, त्यामुळे सगळा पक्षी पुढच्या बाजूला जड वाटतो. पंख लांब, आणि ते तो जरा ताठ ठेवून, वल्ह्यासारखे खोल मारत उडतो. मध्येच थांबतो, एका बाजूला कलतो, हवेत क्षणभर जागच्या जागी फडफडतो आणि कोसळल्यासारखा गवतात पडतो. पंखांची खालची बाजू फिकट, जवळजवळ पांढरी. मनगटापाशी एक गडद डाग आणि टोकं काळी. वरून पाहिलं तर टोकाकडे पिवळसर बदामी ठिगळ. पक्षी तुमच्याकडे तोंड करून आला तर पिवळेजर्द डोळे आणि त्यांच्याभोवती काजळी फासल्यागत काळा रंग, बाकी चेहरा फिकट. ज्यावरून नाव पडलं ते 'कान' बहुतेक वेळा दिसतच नाहीत. ते कान नव्हेतच, पिसांचे छोटे झुबके आहेत आणि घुबड बिचकलं तरच उभे राहतात.

खरे कान चेहऱ्याच्या पिसांआड असतात, आणि भोवत्या नि घुबड यांच्यातलं साम्य तिथेच दडलेलं आहे. भोवत्या हा घुबडाचा नातेवाईक नाही, त्याचं कूळ गरुड-घारींचं. तरी त्याचाही चेहरा बराचसा घुबडासारखा गोल, पिसांच्या कडेनं आखलेला असतो. अशा गोल चेहऱ्याचा उपयोग आवाज गोळा करून कानांकडे वळवण्यासाठी होतो. उंच गवतात उंदीर दिसत नाही, त्याची खुसफूस ऐकू येते. दोन वेगवेगळ्या कुळांतल्या पक्ष्यांना एकाच गवतात एकच अडचण आली आणि दोघांनी सारखाच चेहरा कमावला. घुबडं याच्याही पुढे गेली. अनेक घुबडांचे दोन कान एका पातळीत नसतात, एकाचं तोंड किंचित वर तर दुसऱ्याचं खाली. आवाज कोणत्या बाजूनं आला हे आपल्यालाही कळतं. तो किती खालून वा वरून आला हे या तिरक्या कानांमुळे घुबडाला नेमकं कळतं. पूर्ण काळोख केलेल्या खोलीत गव्हाणी घुबड फक्त पाचोळ्याच्या आवाजावरून उंदीर पकडतं, हे रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1950च्या दशकात प्रयोग करून दाखवलं. हेच पेन पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे जगप्रसिद्ध झाले.

स्वतःच्या पंखांचा आवाज झाला तर या कानांचा उपयोग काय? म्हणून घुबडाच्या पंखातल्या पुढच्या पिसाच्या कडेला फणीसारखे बारीक दाते असतात, पिसांचा पृष्ठभाग मखमली असतो आणि मागची कडा झालरीसारखी विरलेली. हवा त्यावरून फाटत जाते, आवाज होत नाही. मुलांना हे सांगून पटत नाही. त्यांना सांगायचं, आधी टिटवी उडेल तेव्हा कान द्या, तित्तर उठेल तेव्हा कान द्या, आणि मग घुबड जवळून जाईल तेव्हा. आमच्या डोक्यावरून ते एकदा असं गेलं की गाडीच्या टपावर टेकलेल्या मेहुण्याला कळलंच नाही; तो मोबाइलवर स्कोअर बघत होता.

त्या दिवशी सासूबाई बरोबर होत्या. घुबड बघायला चाललोय म्हटल्यावर त्यांनी गाडीत बसतानाच तोंड वाकडं केलं होतं. "शुभशकुन दुसरे नव्हते का रे मिळत?" असं म्हणून मग त्यांनीच नातवंडांना गोष्ट सांगितली: घुबडाला कधी दगड मारू नये. ते तो दगड उचलून नेतं, पाण्यात टाकतं, आणि दगड जसा झिजतो तसा मारणारा माणूस झिजत जातो. मी लहानपणी ही गोष्ट ऐकली होती, बहुतेक मराठी घरांत कुणी ना कुणी ऐकलेली असते. अंधश्रद्धा म्हणून तिच्यावर तुटून पडणारे लोक आहेत. मला ती आवडते, कारण घुबडांना दगड न मारण्याचं एवढं पक्कं कारण कुठल्याही भित्तिपत्रकानं दिलेलं नाही. घुबडाचं नातं आपल्याकडे नुसतं अपशकुनाशी जोडलेलं नाहीच. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन दारी येणारे पिंगळा जोशी पिंगळ्याची भाषा आपल्याला कळते असं सांगत आणि त्यावरून घरादाराचं भविष्य वर्तवत. लक्ष्मीचं वाहन म्हणूनही घुबडाला मान आहे, आणि दुर्दैवानं दिवाळीच्या दिवसांत त्या श्रद्धेपायीच देशाच्या काही भागांत घुबडांची चोरटी विक्री होते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीत इला फाउंडेशननं घुबड महोत्सव भरवला, तेव्हा शाळकरी पोरं घुबडाचे मुखवटे घालून नाचली. भीती घालवण्याचा हा मार्ग मला भाषणापेक्षा बरा वाटतो.

माळावरच्या माणसांना भीती फारशी नसतेच. मेंढरं घेऊन निघालेल्या एका म्हाताऱ्या धनगरबाबांना आम्ही विचारलं, "मामा, इथं घुबडं दिसतात का?" ते काठीवर रेलून म्हणाले, "दिसत्यात की. दिस बुडताना भुईतनं उठत्यात. उंदरं खात्यात, आपलं काय जातंय?" आम्ही पुस्तकांतून गोळा केलेलं बहुतेक सगळं त्यात आलं होतं. कोणत्या बाजूच्या गवतात उठतात हेही त्यांनी काठीनं दाखवलं, आणि वरून बजावलं, "पल्याड जाऊ नगा, लांडगीण हाय तिथं." माळावर गेलात तर आधी मेंढपाळांशी बोला. त्यांच्याइतका वेळ माळावर दुसरं कुणी काढत नाही.

धनगरबाबा म्हणाले तेच उसाच्या आणि ज्वारीच्या शेतकऱ्यालाही लागू आहे. घुबड उंदीर अख्खा गिळतं. न पचणारी हाडं, दात आणि केस यांची पोटात एक गोळी होते आणि काही तासांनी ते ती ओकून टाकतं. गव्हाणी घुबडाच्या जागेखाली अशा गोळ्यांचा खच सापडतो. एखादी वाळलेली गोळी हातमोजे घालून पाण्यात भिजवली आणि चिमट्यानं सोडवली, की उंदराची इवली कवटी, नारिंगी रंगाचे पुढचे दात, जबड्याची अर्धी फाक, असं एकेक बाहेर येतं. पावसाळ्यात घरात अडकलेल्या मुलांना दुपारभर गुंतवायला यापरता उद्योग नाही. आईला मात्र स्वयंपाकघरातला चिमटा द्यायला सांगू नये.

ह्यूमच्या त्याच पहिल्या खंडात आणखी एका घुबडाचं वर्णन होतं, त्याची गोष्ट राहिली. रानपिंगळा. 1872च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागात तो मिळवला. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात काही नमुने गोळा केले, शेवटचा 1884 साली. त्यानंतर शंभरावर वर्षं हा पक्षी कुणाला दिसला नाही, एक अपवाद सोडून. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवलेला म्हणून एक रानपिंगळा होता. त्या चिठ्ठीवर विसंबून लोक चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना तपासला तेव्हा निघालं ते असं, की कर्नलसाहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच एक पक्षी लांबवून, त्याचा भुसा काढून, नव्यानं भरून स्वतःच्या नावावर खपवला होता. खोटा पत्ता बाद झाल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या पत्त्यावर आले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी सकाळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला त्यांना दिसला. 113 वर्षांनी.

उन्हात, ही यातली खरी मेख. रानपिंगळा दिवसा वावरतो, सरडे-सापसुरळ्या पकडतो, उघड्या फांदीवर बसून शेपूट झटकतो. तो पाहुणा नाही, बाराही महिने इथलाच; पण थंडीत आणि पानगळ सुरू झाल्यावर सागाच्या विरळ जंगलात तो दिसण्याची शक्यता वाढते. आपल्या घरासमोरच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट तपकिरी, पोट पांढरं, आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले, अंगाच्या मानानं दांडगे. मेळघाटात त्यांची संख्या सगळ्यात जास्त आहे. 2014 साली तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही सापडला आणि सगळेच चकित झाले. जगात मोठे झालेले रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. तो बघायचा तर मेळघाटात दोन-तीन दिवस काढून, स्थानिक वाटाड्याला घेऊन, शांतपणे. मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावणारे महाभाग तिथेही भेटतात. आपल्या हद्दीत परका नर शिरला या समजुतीनं तो पक्षी शिकार सोडून येतो, भांडायला कुणी नसतं, आणि पुढच्या गाडीतले लोक पुन्हा तीच शीळ वाजवतात. वाटाड्यानं असं करायची तयारी दाखवली तर त्याला आधीच नको म्हणून सांगावं, पैसे कमी करू नयेत.

पहिल्या वेळी माळच बरा. शाल, पाणी, गूळपोळी, गडद रंगाचे कपडे, आणि पाय झाकणारी जाड पँट. टॉर्च फक्त पायापुरता. पक्ष्यावर झोत टाकायचा नाही, कारण अंधाराला सरावलेले डोळे दिपले की शिकार चुकते. दिसलेल्या पक्ष्याची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करायला मुलांना शिकवा: तारीख, वेळ, किती दिसली, काय करत होती. नेमकी बसण्याची जागा मात्र समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागते.

साडेसहापर्यंत दिसेनासं होतं. परतताना घाई नको. दिवसभर तापलेल्या रस्त्यावर रातवे येऊन बसतात आणि गाडी अगदी जवळ येईपर्यंत उठत नाहीत. दिव्यांच्या झोतात रस्त्यावर तांबडा ठिपका चमकला तर तो रातव्याचा डोळा. विजेच्या खांबावर मोठा, उभ्या शिंगांचा आकार दिसला आणि डोळे नारिंगी असले तर ते शृंगी घुबड, ते इथलंच. फेब्रुवारीअखेरपर्यंत पुन्हा यायला हरकत नाही. मार्च उजाडला की आखूडकानी घुबडं निघून जातात, आणि माळावर टिटव्या, धाविक, चंडोल यांची अंडी उघड्या जमिनीवर दिसू लागतात, खड्यांच्या रंगाची, सहज पायाखाली येणारी. तेव्हा गाडी रस्त्यावरच ठेवायची आणि कुणी खाली उतरायचं नाही.